लिंबाजीमामा पेटीवाले

लिंबाजीमामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते एका पेटीत बसले होते.

पेटी कुत्र्याची होती. मामा गुडघे हनुवटीला लावून, मान वाकडी करून कसेबसे आत मावले होते आणि समोरचे गज आतून धरून रस्त्यावरच्या जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे शांतपणे बघत होते. मी परभणी स्टेशनवर पार्सलबाबू म्हणून नुकताच रुजू झालो होतो. गावात कुणाशी ओळख नाही, आणि स्टेशन रोडवर पहिलाच माणूस दिसावा तो असा. मी जरा लांबून वळसा घालायला लागलो, तर आतून हाक आली.

"ओ बाबूसाब! जरा लाथ हाणा."

"कुणाला?"

"मला न्हाई. पेटीला."

मी बिचकत बिचकत बुटाचं टोक पेटीला लावलं.

"हे काय? गायीला पाय लागल्यावानी कामून करायलाव? तुमच्या टेसनावरले हमाल पेटी अशी ठिवतात का? हाणा चांगली!"

मी हाणली. पेटी कलंडली. मामा आतल्या आत उलटे झाले, आणि डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत अत्यंत समाधानानं म्हणाले, "सांधा बोलला न्हाई. मंजूर."

मग बाहेर आले, धोतर झटकलं आणि मला चहा पाजला.

परभणीत सुतार पुष्कळ होते. ते दारं-खिडक्या करायचे, तिफणी करायचे, गाड्या करायचे. लिंबाजीमामा मात्र गाडीनं परगावी जाणाऱ्या जनावरांच्या पेट्या करायचे. आता तुम्ही म्हणाल, परभणीतून जनावरं जाणार कुठं? अहो, पुष्कळ जायची! निजामाच्या राज्यात अंमलदारांची बदली व्हायची आणि बेगमसाहेबांची मांजरं मागून पार्सलनं निघायची. जागीरदारांची शिकारी कुत्री जायची. झुंजीचे तितर हैदराबादला जायचे. पोपट जायचे. एकदा तर एक हरणाचं पाडस माझ्या टेबलावरची पावती खाऊन मग गाडीत चढलं. हे सगळे प्रवासी गार्डाच्या डब्यात बसायचे आणि बहुतेकांची पेटी मामांच्या हातची असायची.

जनावर बसायच्या आधी त्या पेटीत मामा बसणार, हा नियम. "जनावराला जबान न्हाई," ते म्हणायचे. "खिळा टोचायलाय म्हनून त्यानं कोनाला सांगावं? म्या बसतो, मला टोचतो, म्या बोंबलतो." तितराच्या पिंजऱ्यात बसणं शक्य नव्हतं. तिथं ते नुसता उजवा हात घालून तासभर बसायचे आणि डाव्या हातानं बिडी ओढायचे. त्या तासात कुणी भेटायला आलं तर नमस्कार डाव्या हाताचा मिळायचा.

पण खरी गंमत लाकूड निवडण्यात होती. मामा लाकूड चाटायचे.

फळी हातात आली की आधी टिचकी मारून कानाला लावायची, मग हुंगायची, मग जीभ बाहेर काढून एका टोकापासून वीतभर सरळ चाटायची. मग डोळे मिटायचे. गिऱ्हाईक ताटकळत उभं. "पेटीतलं जनावर दिवसभर काय करतंय? चाटतंय. मग आपुन आधी चाटाय नगं?" लिंब कडू, पण त्याला कीड लागत नाही. साग तुरट. आंबा आंबूस आणि ओला झाला की फुगतो. बाभळ चवीला गुळचट, पण वजनाला अशी की हमाल पेटीला नाही, पेटी करणाऱ्याला शिव्या देतात. रंग मामांनी जन्मात लावला नाही. पोपटानं तो रंग कुरतडला तर? ते वरून करडईचं तेल चोळायचे, आणि तेही आधी चाखून.

"चाटून बघितलं का?" हा त्यांचा सगळ्या बाबतीतला सवाल. कुणी म्हणालं, अमक्याची सोयरीक फार चांगल्या घरात जमली, की मामा म्हणायचे, "चाटून बघितलं का?"

एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. बैठकीत माझं टेबल होतं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, अस्सल सागवानी. बायकोचा त्यावर जीव. मी पाणी आणायला आत गेलो आणि बाहेर आलो, तर मामा टेबलाच्या कडेवर वाकलेले, जीभ बाहेर.

"आंबा हाय बाबूसाब," ते म्हणाले. "वरून नुसता रंग मारलाय."

दाराआड माझी बायको उभी होती. त्या दिवशी आमटीत मीठ जरा जास्तच पडलं. पुढं पावसाळ्यात टेबल फुगलं आणि खण उघडेना. तेव्हापासून आमच्या घरात सासऱ्यांचा विषय निघाला की मी नुसती जीभ बाहेर काढायचो. उरलेलं भांडण मी सांगत नाही.

एकदा एका जागीरदाराचे दिवाणजी आले. बरोबर शिकारी कुत्र्याचं माप आणि चकचकीत पत्र्याची गुंडाळी.

"लाकूड नको, पत्रा लावा," दिवाणजी म्हणाले. "चांदीसारखं चमकलं पाहिजे. सरकारांचं कुत्रं आहे. आणि आतून मखमल."

"हुकूम," मामा म्हणाले. "दुपारी या."

वैशाखातलं परभणीचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. मामांनी पत्रा सकाळपासून उन्हात पसरून ठेवला होता. दुपारी दिवाणजी आले. मामांनी त्या पत्र्याकडं हात करून, अदबीनं कमरेत वाकून म्हटलं, "बसा की दिवाणजी. पानी आणतो."

दिवाणजी बसले. आणि जे उठले ते थेट रस्त्याच्या मध्यावर.

"कुत्र्याला उठून पळता येत न्हाई," मामा म्हणाले. "आता मखमल बी लावायची का?"

शेवटी सागाची चौकट, लिंबाचा तळ, हवेला बोटबोट फटी आणि बाहेरून पाणी शिंपडायला वाळ्याचा पडदा अशी पेटी झाली. कुत्रं गारेगार हैदराबादला पोचलं. दिवाणजी मात्र पुढं आठ दिवस उभ्यानं कारभार बघत होते, असं मामाच सांगायचे. खरंखोटं मी चाटून बघितलेलं नाही.

मामांच्या घरात माणसं दोन होती. मामा आणि त्यांची एकुलती एक मुलगी गया. बायको लवकर गेली. आणि तिसरा होता तो अमीनसाब. हे मुंगूस होतं. गयेला शेताच्या बांधावर एवढंसं पिल्लू सापडलं, ते तिनं पदरात घालून आणलं आणि कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. अमीन म्हणजे आमच्याकडचा पोलीस अंमलदार. मुंगसाला ते नाव का, तर ते न विचारता कुणाच्याही घरात शिरायचं, सगळ्या भांड्यांत तोंड घालायचं आणि जाताना काहीतरी घेऊन जायचं.

एकदा खरेखुरे अमीनसाहेब तितराच्या पिंजऱ्यासाठी दुकानात आले असताना मामा गल्लीकडं तोंड करून ओरडले, "अमीनसाब! नालीतून निघा भाईर! तोंड बगा केवढं घान झालंय!" अमीनसाहेबांच्या मिशा थरथरायला लागल्या. तेवढ्यात नालीतून मुंगूस आलं.

"हुजूर, इज्जतीनं नाव ठेवलंय," मामा हात जोडून म्हणाले. "केवढा बी साप असू द्या, हा मागं सरत न्हाई."

साहेब खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कचेरीत सगळ्यांना सांगितलं म्हणे.

पुढं गयेचं लग्न झालं. जावई सुतारच, पण कामाला निजामाबादला. गया गेली आणि घरात मामा आणि मुंगूस उरले. मामांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून गयेची पत्रं मी वाचून दाखवायचो. तिलाही लिहिता येत नव्हतं. तिथला एक मराठी शिंपी तिची पत्रं लिहून द्यायचा. अशी तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर एक चिठ्ठी आली.

"बा, इथं समदे तेलंगी बोलतात. सासू मायाळू हाय, पण तिचं मला कळत न्हाई आन माझं तिला. म्या मीठ मागितलं की ती हसती. मालक दिवसभर कामावर. घरामागं भाताची खाचरं हायत, पावसाळ्यात साप घरात येतात. मागल्या साली चुलीपाशी निघाला. मृगाच्या आत अमीनसाबला पाठव. साप तर धरीलच. आन त्याला मराठी कळतं. दिवसाकाठी दोन शब्द बोलीन म्हनते."

मी चिठ्ठी घडी करून परत दिली. मामा बराच वेळ ती चिठ्ठी उलटीसुलटी करत होते.

"पाठवनार," ते म्हणाले. "लेकीनं मागितलं. पाठवनारच."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं.

पहिली पेटी बांबूच्या कामट्यांची. सकाळी अमीनसाबला आत घातलं. दुपारी मी गेलो तर तो मामांच्या खांद्यावर बसलेला आणि पेटीला बीळ पडलेलं. दुसरी आंब्याची. तिचा वास मामांना पसंत पडला नाही. तिसरी लोखंडी जाळीची. जाळीवर नाक घासून अमीनसाबनं रक्त काढलं, तेव्हा मामांनी जाळी उचकटून उकिरड्यावर फेकली आणि त्या नाकाला दिवसभर तूप लावत बसले. मग बाभळीचा विचार निघाला. पण नवी बाभळ वाळताना तडकते. जुनी हवी. मामा झरीला गेले आणि तिथल्या एका पाटलाची मोडकी बैलगाडी धुंडून तिच्या चाकांच्या आऱ्या घेऊन आले. पन्नास वर्षं ऊनपाऊस खाल्लेली बाभळ. मामांनी चाटली, डोळे मिटले.

"आता कितीबी कुरतडू द्या," ते म्हणाले.

शिमगा झाला. पाडवा झाला. गयेचं दुसरं पत्र आलं, पेटी झाली का म्हणून. चैत्र संपायला पेटी झाली. काय सांगू तुम्हाला! चारी बाजूंना त्या काळ्याभोर आऱ्या गजांसारख्या उभ्या, तळाला लिंबाची फळी, वर सागाचं झाकण, आत गोणपाटाची मऊ घडी. एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड. पेटी एवढीशी, त्यामुळं मामांनी नुसतं डोकं आत घालून पाहिलं. मग अमीनसाब आत गेला, तीन फेऱ्या मारल्या आणि शेपटी अंगावर घेऊन झोपला.

"झालं की," मी म्हणालो. "उद्याच्या गाडीला लावू या."

"उद्या न्हाई. तळाच्या फळीचा वास बराबर न्हाई."

तळ बदलला. मग तेल वाळलं नाही. मग आऱ्यांत सूतभर फट जास्त झाली. मग झाकणाची कडी वाजते, गाडीत अमीनसाबला झोप कशी लागणार? मग कडी चामड्याची केली. मग चामड्याचा वास. तिसरं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती: "बा, वळीव पडून गेला, आन भिंतीपाशी साप दिसला."

मामांनी चिठ्ठी घडी करून ठेवली आणि परत कडी हुंगली. मला मात्र राग आला. इकडं पोरगी वाट बघते आणि हा माणूस कडीचा आवाज ऐकत बसलाय! दुसऱ्या दिवशी दुपारी बरंच काही बोलायचं असं ठरवून मी दुकानात गेलो. मामा माझ्याकडं पाठ करून बसले होते. पुढ्यात पेटी. हातात पटाशी. आणि ते एक घट्ट बसलेली आरी तिच्या खाचेतून उकरून सैल करत होते. केली सैल. मग बोटानं हलवून पाहिली आणि शेजारी बसलेल्या अमीनसाबला म्हणाले, "बग. हलायली का न्हाई?"

मी खाकरलो.

मामांनी पटाशी मांडीखाली सरकवली. "बाबूसाब... ही आरी हलायली बगा."

"हलवल्यावर हलणारच, मामा."

बोलायचं ठरवलेलं तसंच राहिलं. मी पेटीशेजारी खाली बसलो. अमीनसाब मामांच्या मांडीवर चढला आणि पटाशीचा वास घ्यायला लागला.

"सांजंला ह्यो म्होरं पळतो, मागून म्या घरी गेलो," मामा म्हणाले, "की दार लोटताना म्या वरडतो, अमीनसाब, कोन आलंय बगा. तीन वर्सं झाली. आता दार लोटून कोनाला सांगू, म्या आलोय म्हनून?"

मग मला जे सुचलं तेच मी बोललो. "तुम्हीच घेऊन जा ना त्याला. चार दिवस लेकीकडं राहून या."

मी सागाला आंबा म्हटल्यासारखे मामा माझ्याकडं बघायला लागले.

"लेकीच्या घरी? तिला लेकरू न्हाई अजून! लेकरू हुईपतोर लेकीच्या घरचं अन्न चालत न्हाई, पानी बी चालत न्हाई. आमच्या आज्याचा पाय त्याच्या लेकीच्या दारात मोडला, तरी घोटभर प्याला न्हाई तिच्या घरचं. कोरड्या घशानं बोंबलत गाडीत घालून आणला. आमच्या भावकीला काय सांगू?"

तर तीन वर्षं हा माणूस निजामाबादला गेला नव्हता, त्याचं कारण हे.

"भाकरी इथून न्या," मी म्हणालो. "पाणीही इथून न्या. परभणीच्या विहिरीचं."

मामांनी विचार केला. मग पटाशी मांडीखालून काढली, बाजूला ठेवली आणि सैल केलेली आरी परत ठोकायला घेतली. त्या संध्याकाळीच ती घट्ट बसली.

चौथ्या दिवशी सकाळी मामा स्टेशनवर हजर झाले. डोक्याला नवा पटका, एका हातात पेटी, पाठीला भाकरीचं गाठोडं आणि खांद्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली तांब्याची कळशी. बरोबर भावकीतले थोरले चुलत भाऊ सटवाजी. ते खास बघायला आले होते.

"पानी पुरंल का, लिंबाजी?"

"चार दिसाचंच हाय, दादा. पुरतंय."

"वाटंत सांडंल."

आता मला राहवेना. मी कळशीच्या तोंडाला कापड बांधलं, सुतळी आवळली, लाख वितळवली आणि गाठीवर पार्सल हापिसाची मोहर ठोकली. "तहान लागली की फोडा मामा," मी म्हणालो. सटवाजींनी मोहर बोटानं चाचपून पाहिली. "आता कसं! सरकारी काम!"

पेटी गार्डाच्या डब्यात गेली. मी पावती फाडली: मुंगूस, जिवंत, एक. मामा तिसऱ्या वर्गात कळशी मांडीवर घेऊन बसले. गार्डानं मला नंतर सांगितलं, की प्रत्येक स्टेशनावर हा म्हातारा उतरून मागं पळत यायचा, पेटीला तोंड लावून काहीतरी बोलायचा आणि परत पळत जायचा. पूर्णेला तर गाडी सुटली तरी ह्याचं बोलणं संपेना. शेवटी गार्डानंच त्याला वर ओढून घेतलं.

चार दिवस झाले. पाच झाले. सटवाजी रोज गाडीच्या वेळेला यायचे.

"आला का?"

"नाही."

"एका कळशीत सहा दिस? सात दिस? बाबूसाब, जित्ता हाय ना तो?"

नवव्या दिवशी मामा उतरले. हातात पेटी नव्हती. गाठोडंही नव्हतं. खांद्यावर कळशी होती, ती त्यांनी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि घाम पुसला. मी बघितलं. सुतळी तशीच होती. लाख तशीच होती. मोहर मी ठोकली होती तशीच, एक टवका उडालेला नव्हता.

"अमीनसाब कसा आहे?" मी विचारलं.

"बरा हाय. दुसऱ्याच दिशी एक साप धरला. गयेच्या सासूच्या मांडीवर झोपतो आता. मिठाला तेलंगीत काय म्हनतात, त्यो शिकलाय का न्हाई ठाऊक न्हाई, पन गया शिकली."

"आणि गया?"

"बरी हाय." मामा खिडकीबाहेर बघत होते. "हात तिच्या मायवानीच हाय. आमटीला."

एवढ्यात फलाटाच्या टोकाला सटवाजी दिसले. काठी टेकत येत होते. मामांनी त्यांच्याकडं बघितलं, कळशीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

मी मोहर फोडली. दोन पेले मी घटाघट प्यालो. नऊ दिवसांचं पाणी, तांब्याची चव नुसती! दोन हमालांना हाक मारली, म्हटलं, प्या रे, परभणीचंच आहे. त्यांनी प्रत्येकी दोन ढोसले. उरलेलं भिंतीवरच्या आगीच्या बादल्यांत रिकामं केलं आणि लाखेचे तुकडे पायानं टेबलाखाली सारले.

सटवाजी आत आले, काठी टेकून कळशीवर वाकले आणि तळाशी बघितलं.

"नऊ दिस पुरलं की रं!" ते म्हणाले.

"काटकसरीनं प्यालो, दादा," लिंबाजीमामा म्हणाले.

मी ढेकर दाबला. माझं पोट तट्ट फुगलं होतं.